चेहऱ्यापासून दोन मीटरवर

क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चेहऱ्यांचे फोटो काढून हात बसलेला माणूस फुल फ्रेमवर येतो, तेव्हा पहिला फरक त्याच्या पायांना जाणवतो. लेन्स तीच, खोली तीच, खुर्चीत बसलेली व्यक्तीही तीच. पण नेहमीच्या जागी उभं राहून डोळा लावला की चेहऱ्याबरोबर भिंतीवरचं कॅलेंडर, खिडकीचा गज, कोपऱ्यातली पाण्याची टाकी असं सगळं चौकटीत येतं. मग पावलं आपोआप पुढे पडतात. चौकट हवी तशी भरते, फोटो निघतो आणि मोठ्या पडद्यावर पाहताना काहीतरी खटकतं. नाक जरा पुढे आलेलं, कान मागे गेलेले, कपाळ फुगलेलं. एवढे पैसे घालून घेतलेल्या कॅमेऱ्याने चेहरा आधीपेक्षा वाईट कसा टिपला, हा प्रश्न मग मनातून जात नाही.

त्याचं उत्तर कॅमेऱ्याच्या आत नाही, मधल्या अंतरात आहे. आणि ते नीट समजून घेतलं की फुल फ्रेमबद्दलच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपसूक उलगडतात.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. निकॉन, सोनी, फुजी यांच्या एपीएस-सी सेन्सरचं, म्हणजे आपण ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतो त्याचं माप साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननचं त्याहून किंचित लहान. लांबी-रुंदीत फरक दीडपट, पण क्षेत्रफळात सव्वादोन पटींहून जास्त. लेन्स समोरच्या दृश्याची जी प्रतिमा आत पाडते ती दोन्हीकडे सारखीच असते. मोठा सेन्सर तिचा जास्त भाग टिपतो, इतकंच.

आता आकडे मांडून पाहू. बहुतेक हौशी छायाचित्रकारांकडे ५० मिमी एफ/१.८ ही स्वस्त आणि गुणी लेन्स असते. कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंतचा, म्हणजे उंचीत सुमारे ४० सेंटिमीटरचा भाग चौकटीत घ्यायचा असेल, तर क्रॉप सेन्सरवर या लेन्सने साधारण ९० सेंटिमीटरवर उभं राहावं लागतं. फुल फ्रेमवर तीच चौकट भरायला ६० सेंटिमीटरवर जावं लागतं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर सुमारे १२ सेंटिमीटर धरलं, तर ६० सेंटिमीटरवरून नाक कानांच्या मानाने पाचवा हिस्सा मोठं दिसणार. दोन मीटरवरून हा फरक सहा टक्क्यांवर येतो आणि डोळ्याला तो जाणवत नाही.

चेहऱ्याची ठेवण ठरते ती या अंतरावरून. लेन्स ८५ ची आहे की ५० ची, सेन्सर केवढा आहे, याचा तिच्याशी थेट संबंध नाही. लेन्स आपल्याला किती लांब उभं राहू देते, एवढाच तिचा वाटा. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच गणित सेल्फीसाठी मांडलं होतं. १२ इंचांवरून टिपलेल्या चेहऱ्यात नाकाची रुंदी चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी जास्त भासते आणि पाच फुटांवर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. सेल्फी पाहून नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायला लोक येतात, या अनुभवातून ते संशोधन झालं होतं. चेहरे टिपणाऱ्याने जवळ जाण्याचा मोह किती आवरावा, हे यावरून कळावं.

म्हणून फुल फ्रेमवर आलेल्याने ५० ची लेन्स चेहऱ्यासाठी बाजूला ठेवावी, हे माझं पहिलं सांगणं. ती कमरेपर्यंतच्या किंवा पूर्ण आकृतीच्या फोटोला छान आहे; माणूस आणि त्याची जागा एकत्र दाखवायला तर उत्तमच. पण निव्वळ चेहरा हवा असेल तर ८५ हवी.

आणि इथे फुल फ्रेमचा खरा लाभ सुरू होतो. ८५ मिमीची लेन्स क्रॉप सेन्सरवर लावून कमरेपर्यंतचा, ८० सेंटिमीटर उंचीचा फोटो घ्यायचा तर जवळपास तीन मीटर मागे सरकावं लागतं. आपल्याकडच्या फ्लॅटमधली १० फुटांची खोली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तीनच मीटर भरते. पाठ भिंतीला टेकवली तरी कॅमेऱ्याला आणि समोरच्या खुर्चीला जागा हवीच. ते जमत नाही. फुल फ्रेमवर तोच फोटो दोन मीटरवरून येतो. समोरच्या माणसाच्या मागे थोडी मोकळी जागा राहते, आपल्याला वाकायला, सरकायला वाव मिळतो. शिवाय दोन मीटर हे गप्पा मारायचं अंतर आहे. आजोबा पलंगावर आणि आपण समोरच्या खुर्चीवर, एवढंच. आवाज न चढवता बोलता येतं आणि लेन्स तोंडावर आल्याचं दडपण येत नाही. तीन मीटरवरून सूचना द्यायला लागलं की माणूस अवघडतो, साठ सेंटिमीटरवर गेलं की आक्रसतो. मला या कॅमेऱ्यात सगळ्यांत आवडलेली गोष्ट विचाराल तर मी हे दोन मीटर सांगेन.

ही ३६ × २४ ची चौकट कुठून आली, तेही इथेच सांगून टाकतो. जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा वाहून नेणं त्यांना झेपत नसे. १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. सिनेमाची चौकट १८ × २४ मिमीची असे. बार्नाकनी फिल्म आडवी सरकवली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. ती झाली २४ × ३६. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो कॅमेरा ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला, १९३४ मध्ये कोडॅकने या फिल्मची तयार काडतुसं बाजारात आणली आणि हे माप जगभर रुळलं. त्या काळी स्टुडिओत पोर्ट्रेट काढणाऱ्यांच्या लेखी ही निगेटिव्ह अगदीच लहान होती. आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतही कित्येक वर्षं यशिका किंवा रोलायफ्लेक्सवर, १२० च्या फिल्मवर, सहा बाय सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह निघत असे. आजच्या फुल फ्रेमच्या जवळपास चौपट मोठी.

डिजिटल युगात हेच माप महाग झालं ते सिलिकॉनमुळे. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर छापले जातात. चिप जितकी मोठी तितक्या चकतीवर कमी मावतात, आणि एखादा धूलिकण किंवा दोष आला की एक अख्खी मोठी चिप वाया जाते. त्यात छपाई करणाऱ्या यंत्राची एका वेळची चौकट साधारण २६ × ३३ मिमीची असते. ३६ मिमीचा सेन्सर तिच्यात मावत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी छापून अचूक सांधावा लागतो. म्हणूनच २००२ मध्ये आलेल्या कॅनन १डीएस या ११ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याची किंमत ७,९९९ डॉलर होती. तीनच वर्षांनी, २००५ मध्ये, कॅननने ५डी आणला तो ३,२९९ डॉलरला, आणि पोर्ट्रेट व लग्नाचं काम करणाऱ्यांच्या हाती फुल फ्रेम पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आला. पुढे २००७ मध्ये निकॉनचा डी३ आला, २०१३ मध्ये सोनीच्या ए७ ने कॅमेऱ्यातला आरसा काढून टाकून आकार लहान केला. आज जुन्या बाजारात फुल फ्रेम बॉडी पुष्कळांच्या आवाक्यात आहे.

आता सगळे ज्यासाठी हा कॅमेरा घेतात त्या धूसर पार्श्वभूमीकडे वळू. नवा फुल फ्रेम हाती आलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी गॅलरीत उभं करतो आणि मागच्या दिव्यांचे मोठे गोल झालेले पाहून हरखतो. तो आनंद खरा आहे. पण त्याचं श्रेय सेन्सरला द्यायचं कारण नाही.

दूरच्या एखाद्या दिव्याचे किरण आपल्यापर्यंत येतात तेव्हा ते जवळजवळ समांतर असतात. त्यांतले जे किरण लेन्सच्या भोकातून आत शिरतात, त्यांचा झोत त्या भोकाएवढाच रुंद असतो. आणि समांतर असल्यामुळे तो आपण टिपत असलेल्या चेहऱ्याच्या शेजारून जातानाही तेवढाच रुंद होता. फोकस चेहऱ्यावर आहे, म्हणजे चेहऱ्याच्या पातळीवर जे जिथे आहे ते फोटोत तिथेच उमटणार. तेव्हा त्या दिव्याचा फोटोतला गोल, चेहऱ्याशेजारी मोजला तर, नेमका लेन्सच्या भोकाएवढा दिसतो. ८५ मिमी एफ/१.८ लेन्सचं भोक म्हणजे ८५ भागिले १.८, सुमारे ४.७ सेंटिमीटर. दूरचा दिवा समोरच्या व्यक्तीच्या गालाशेजारी ४.७ सेंटिमीटरचा गोल होऊन येणार. ५० मिमी एफ/१.८ असेल तर २.८ सेंटिमीटरचा. फोनच्या कॅमेऱ्याचं भोक मोजक्या मिलिमीटरचं असतं, म्हणून फोनला चेहऱ्याची कड ओळखून बाकीचं चित्र हिशोबाने धूसर करावं लागतं आणि कानाजवळच्या बटांपाशी तो गडबडतो.

या नियमात सेन्सरचा आकार कुठेच येत नाही, हे मला फार सुंदर वाटतं. तीच ८५ ची लेन्स क्रॉप सेन्सरवर लावून तीन मीटरवरून तीच चौकट टिपली, तर दूरच्या दिव्याचा गोल चेहऱ्याच्या मानाने तेवढाच येईल. मोकळ्या मैदानात, जिथे मागे सरकायला हवी तेवढी जागा आहे, तिथे दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर पार्श्वभूमीतला फरक सांगणं अवघड. घरात मात्र फरक पडतो, कारण तीन मीटर मिळत नाहीत, आणि मागची भिंतही दूर नसते. भिंत चेहऱ्यामागे एक मीटरवर असेल, तर दोन मीटरवरून टिपताना भिंतीवरचा ठिपका भोकाच्या एक तृतीयांश पसरतो. तीन मीटरवरून एक चतुर्थांशच. मोठ्या सेन्सरने दिलं ते अंतर. धूसरपणा लेन्सने दिला. आणि बसलेल्या माणसाला भिंतीपासून आणखी दोन हात पुढे ओढलं, तर जो फरक पडतो तो फुकट मिळतो.

धूसरपणाची दुसरी बाजू पहिल्या आठवड्याचा आनंद ओसरल्यावर कळते. ८५ मिमी, एफ/१.८, दोन मीटर अंतर: अशा वेळी पुढेमागे मिळून फक्त सहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, निम्मा पुढे, निम्मा मागे. त्याच चौकटीसाठी क्रॉप सेन्सरवर ५६ ची लेन्स एफ/१.८ वर वापरली असती, तर हा पट्टा नऊ सेंटिमीटरचा झाला असता. माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिमीच्या आसपास असतं. चेहरा ४५ अंशांत वळवला की दूरचा डोळा जवळच्या डोळ्याच्या साडेचार सेंटिमीटर मागे जातो. फोकस जवळच्या डोळ्यावर, मागे स्पष्ट राहणार तीन सेंटिमीटर. दूरचा डोळा हातातून गेला. एफ/२.८ वर तो जेमतेम सापडतो, एफ/४ वर दोन्ही डोळे निवांत स्पष्ट येतात. हे आकडेही लहान छापील फोटो गृहीत धरून काढलेले आहेत. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पाहणाऱ्याला हा पट्टा आणखी अरुंद भासतो.

मराठी नवरीचा फोटो काढताना तर हे गणित तोंडपाठ हवं. एक मीटरवरून नुसता चेहरा घेतला, एफ/१.८ ठेवलं, तर स्पष्ट पट्टा दीड सेंटिमीटरचाही भरत नाही. डोळे लख्ख येतात आणि नथ विरघळते. नाकपुडीवरची नथ बुबुळांच्या दोनेक सेंटिमीटर पुढे असते. तिच्यातले मोती आणि मधला लाल खडा धूसर झाला तर त्या फोटोतलं मर्मच गेलं. तिथे एफ/५.६ लागतं. किंवा दोन मीटरवर मागे यावं, मुंडावळ्या, पैठणीचा पदर, हातातला हिरवा चुडा असं सगळं येऊ द्यावं आणि एफ/२.८ वर टिपावं. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे. एफ/१.८ लेन्सवर लिहिलंय म्हणून ते सतत वापरलंच पाहिजे असं नाही. आणि पार्श्वभूमी लांब असेल तर एफ/२.८ वरही दिव्यांचे तीन सेंटिमीटरचे गोल मिळतात. ते पुरेसे आहेत.

फोकसच्या बाबतीत आजचे मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले, कॅमेरे मोठा दिलासा देतात. डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू चौकटीच्या मध्याजवळ दाटलेले असत, त्यामुळे वरच्या भागात असलेल्या डोळ्यावर फोकस धरून मग चौकट हलवावी लागे, आणि त्या हालचालीत दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होत. आता सेन्सरवरच फोकस ठरतो. कॅमेरा डोळा शोधतो, त्यावर चौकोन बसवतो आणि माणूस हलला तरी सोडत नाही. फुल फ्रेमवर आलेल्या अनेकांना ‘फोटो एकदम शार्प येतात’ असं वाटतं, त्यात या सोयीचा वाटा फार मोठा असतो. पण ही सोय सेन्सरच्या आकाराशी बांधलेली नाही. नव्या एपीएस-सी मिररलेसमध्येही ती तशीच मिळते. जुन्या डीएसएलआरवरून नव्या कॅमेऱ्यावर येताना नवेपणामुळे काय बदललं आणि आकारामुळे काय, हे वेगळं काढून पाहिलं पाहिजे, नाहीतर पैसे भलत्याच गोष्टीसाठी जातात.

आकाराने खात्रीने बदलतो तो प्रकाशाचा हिशोब. प्रकाश कणाकणांनी येतो आणि हे कण एकसारख्या अंतराने येत नाहीत. अंगणातल्या फरश्यांवर पावसाचे पहिले थेंब पडतात तेव्हा एकीवर चार, शेजारच्या फरशीवर सात असं होतं. पाऊस वाढला की सगळ्या फरश्या सारख्या भिजतात. सेन्सरचंही तसंच. एखाद्या ठिकाणी सरासरी १०० कण पोचत असतील तर त्यात दहाचा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० कण पोचले तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. अंधाऱ्या फोटोत जी रवाळ खरखर दिसते, ज्याला सगळे नॉइज म्हणतात, ती मुख्यतः हीच. कॅमेऱ्याने ती निर्माण केलेली नसते. प्रकाशच तसा आलेला असतो.

तोच एफ क्रमांक आणि तोच शटर वेग ठेवला, तर सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर सारखाच प्रकाश पडतो. फुल फ्रेमकडे चौरस मिलिमीटर २.३५ पट आहेत, म्हणून पूर्ण फोटोसाठी गोळा झालेला प्रकाशही तेवढ्या पटीत जास्त. परिणामी फुल फ्रेमवरचा आयएसओ ३२०० चा फोटो क्रॉप सेन्सरवरच्या सुमारे १२५० ते १६०० च्या फोटोइतका स्वच्छ दिसतो. हे ऐकायला थोडं वाटतं. पण तिन्हीसांजेला देवघरातल्या समईच्या उजेडात कुणाचा चेहरा टिपून पाहा. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णाच्या चेहऱ्यावर सावलीची बाजू, डोळ्यांखालचा भाग, केसांच्या कडा इथे आधी प्रकाश कमी असतो. खरखर तिथेच आधी दिसते, आणि सॉफ्टवेअरने ती पुसायला गेलं की त्वचेचा पोतही पुसला जातो. उजेडाकडून अंधाराकडे गालावरून हळूहळू उतरत जाणारी छटा तुटक होते. फुल फ्रेमवर ती उतरण अखंड राहते. चेहऱ्याच्या फोटोत मला हाच फरक धूसर पार्श्वभूमीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण चेहऱ्याला गोलाई येते ती या उतरणीतून.

त्याला जोडूनच एक व्यवहाराची गोष्ट. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. मागे पांढरी भिंत आणि पुढे सावळा चेहरा असेल तर भिंत करडी आणि चेहरा काळपट येतो. नंतर संगणकावर चेहरा उजळला की सावलीतली खरखर वर येते. फुल फ्रेमच्या रॉ फाइलमध्ये ती कमी वर येते हे खरं, पण मुळात टिपतानाच दोन-तीन तृतीयांश स्टॉप जास्त प्रकाश दिला तर कोणत्याही कॅमेऱ्यात हे संकट टळतं. सावळ्या माणसाला फोटोत उजळ करायची आपल्याकडच्या काही स्टुडिओंची जुनी खोड मला कधीच पटली नाही. पुरेसा प्रकाश देऊन तो वर्ण जसा आहे तसा, त्याच्या सगळ्या छटांसह यावा, यासाठी मोठ्या सेन्सरचा उपयोग करावा.

मात्र हा जास्तीचा प्रकाश विनाअट मिळत नाही, आणि ही अट विक्रीच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. तो मिळतो त्या अरुंद पट्ट्याच्या बदल्यात. गणपतीत घरातली वीस माणसं दोन-तीन रांगांत उभी आहेत. सगळे चेहरे स्पष्ट हवेत. क्रॉप सेन्सरवर एफ/४ पुरत असेल तर फुल फ्रेमवर तेवढीच खोली स्पष्ट ठेवायला एफ/५.६ किंवा ६.३ लागेल. भोक लहान झालं, प्रकाश कमी झाला, शटर वेग तोच ठेवायचा म्हणून आयएसओ वाढवला, संपला फायदा. दोन्ही फोटो खरखरीच्या बाबतीत सारखेच. फुल फ्रेमचा लाभ एकतर पातळ पट्टा चालणार असेल तेव्हा, किंवा फ्लॅश वा स्टँड वापरून कमी आयएसओवर भरपूर प्रकाश घेता येत असेल तेव्हा. एकटा चेहरा हा पहिल्या प्रकारात बसतो, म्हणून पोर्ट्रेटवाल्यांना हा कॅमेरा मानवतो. घरगुती समारंभ, सहली, शाळेचं संमेलन हेच ज्याचं मुख्य काम, त्याला त्यातून फारसं काही मिळणार नाही, आणि वजन मात्र रोज वाहावं लागेल.

वजनाचा विषय निघालाच आहे तर लेन्सचं सांगतो. सोनीची ८५ मिमी एफ/१.८ लेन्स ३७१ ग्रॅमची आहे. ८५ च्याच एफ/१.२ लेन्स मात्र सहसा किलोच्या वर जातात. कॅननच्या डीएसएलआरसाठीची ८५ मिमी एफ/१.२ एक किलोला थोडी जास्तच भरत असे. वर सांगितलेल्या नथीच्या गणितानंतर एफ/१.२ ची खरी गरज किती वेळा पडेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. एफ/१.८ च्या लेन्स जवळपास प्रत्येक कंपनीकडे आहेत, स्वच्छ आणि तीक्ष्ण आहेत, आणि पोर्ट्रेटसाठी माझी पसंती त्यांनाच राहील. क्रॉप सेन्सरसाठी बनवलेल्या लेन्स फुल फ्रेमवर चालवायची खटपट मात्र करू नये. निकॉनसारख्या काही कॅमेऱ्यांत त्या बसतात, पण कॅमेरा सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, २४ मेगापिक्सलचे १०-११ उरतात आणि ज्यासाठी खर्च केला तो मोठा सेन्सर निम्म्याहून जास्त रिकामा राहतो.

एका गोष्टीला सेन्सर हातच लावत नाही: प्रकाश कुठून येतो. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांनी टिपलेले चेहरे मराठी वाचकांनी वर्षानुवर्षं पाहिले. त्यांचं नाव झालं ते फिल्मच्या दिवसांत, आजच्या कॅमेऱ्यांच्या कितीतरी आधी. ते फोटो आज पाहिले तरी नजर डोळ्यांतल्या चमकेवर आणि गालावरच्या मऊ उजेडावर ठरते. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली बसवलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्याच येणार, कॅमेरा कितीही लाखांचा असो. त्याच माणसाला खिडकीच्या एका बाजूला, उन्हाचा थेट पट्टा टाळून बसवलं, ट्यूब बंद केली आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरली, की ५० मिमीची लेन्स आणि जुना क्रॉप सेन्सरही सुरेख फोटो देतो. खिडकी जितकी मोठी आणि चेहरा तिच्या जितका जवळ, तितकी सावलीची कड मऊ.

तेव्हा घ्यायचा की नाही हे ठरवायला दुकानात जाण्याआधी आपलेच जुने फोटो काढून बसावं. प्रत्येक फोटोसोबत लेन्स, एफ क्रमांक, शटर आणि आयएसओ यांची नोंद साठवलेली असते. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून फोटो वेगळे काढता येतात. आपल्याला आवडलेले चेहऱ्यांचे फोटो निवडावेत आणि नोंदी वाचाव्यात. त्यांतले बरेचसे एफ/१.८ वर, आयएसओ १६०० किंवा ३२०० वर घेतलेले असतील, पाठ भिंतीला टेकवून टिपलेले असतील, तर फुल फ्रेमने तुमच्या कामात नक्की फरक पडेल. ते उजेडात, एफ/५.६ वर, आयएसओ ४०० च्या आत घेतलेले असतील, तर बॉडी बदलायची घाई नको. ८५ ची लेन्स आधी घ्या आणि अंगणात, गच्चीवर, जिथे तीन मीटर मिळतील तिथे ती वापरा. फक्त घेताना ती फुल फ्रेमसाठी बनवलेली आहे ना, आणि पुढे ज्या बॉडीचा विचार आहे तिच्या माउंटवर बसते ना, एवढं विचारून घ्या. जुन्या डीएसएलआरची लेन्स त्याच कंपनीच्या मिररलेसवर बसवायला अडॅप्टर लागतो, आणि काही जुन्या लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही.